क्रेडिट कार्डाच्या पॉइंटचे माइल्स करताना हिशेब कसा मांडायचा?

तुमच्याकडे 40,000 पॉइंट आहेत, बँकेचा रेशो 2:1 आहे, आणि माइल्स करावेत की पॉइंट बिलात वळते करावेत असं तुम्ही विचारलंय. माइल्स म्हणजे एअरलाइनच्या खात्यात जमा होणारे पॉइंट, त्यांवर विमानाचं तिकीट घेता येतं.

2:1 म्हणजे दोन पॉइंट गेले की एक माइल जमा, म्हणजे तुमचे 20,000 माइल्स होतील. काही ठिकाणी हाच रेशो उलट्या क्रमाने छापतात. म्हणून 1,000 माइल्सना किती पॉइंट कापले जातात, तेवढं बघा. रेशो वाईट दिसला म्हणून कार्ड वाईट ठरत नाही. शंभराच्या खर्चावर 6 पॉइंट देणारं 2:1 चं कार्ड 3 माइल्स देतं. 2 पॉइंट देणारं 1:1 चं कार्ड दोनच.

आता तुमचा हिशेब. तुम्हाला हवं ते तिकीट रोखीने 30,000 रुपयांना आहे, आणि माइल्सवर घेतलं तर 20,000 माइल्स अधिक 6,000 कर, असं धरू. माइल्सनी वाचले 24,000. भागिले 40,000 पॉइंट, म्हणजे एका पॉइंटला 0.60 रुपये. बिलात वळते करताना बँक पॉइंटला 0.50 देत असेल तर माइल्स परवडले, 0.65 देत असेल तर नाही. करांची रक्कम यातून वजा करायला बहुतेक जण विसरतात. काही एअरलाइन्स अवॉर्ड तिकिटावरही, म्हणजे माइल्सवर घेतलेल्या तिकिटावरही, भरमसाट फ्युएल सरचार्ज लावतात, तिथे सगळा फायदा त्यातच जातो.

ट्रान्सफर बोनस, म्हणजे पॉइंट वळवताना जादा माइल्स देणारी ऑफर, आली तर चित्र पालटतं. 25% बोनस असेल तर तेच 20,000 माइल्स 32,000 पॉइंटांत मिळतात, आणि पॉइंटची किंमत 0.75 होते. हॉटेलचे पॉइंटही असे वळवता येतात. मॅरियट हॉटेल्सच्या बॉनव्हॉय या पॉइंट योजनेचा रेशो बहुतेक एअरलाइन्सना 3:1 आहे, पण 60,000 पाठवले की वर 5,000 माइल्स मिळतात, म्हणजे एकूण 25,000.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: सीट सापडल्याशिवाय पॉइंट हलवू नका. एकदा माइल्स झाले की ते सहसा परत पॉइंट होत नाहीत. आधी एअरलाइनचं खातं उघडा (ते फुकट असतं), तारीख टाकून अवॉर्ड सीट शोधा, लागणारे माइल्स आणि कर लिहून ठेवा. सीट भागीदार एअरलाइनच्या विमानात असेल तर फोन करून खात्री करा, कारण वेबसाइटवर दिसणारी सीट प्रत्यक्षात कधी कधी नसतेच. काही ट्रान्सफर मिनिटांत होतात, काहींना कित्येक दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. सीट होल्ड करता येते का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

कार्डावरचं नाव आणि एअरलाइन खात्यावरचं नाव अक्षरशः सारखं हवं. एकीकडे मधलं नाव आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही ट्रान्सफर अडकतं. पॉइंट सहसा ठरावीक पटीतच जातात, उरलेले कार्डावर राहतात.

आणि मुदत बघा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या योजनेचे माइल्स साधारणपणे 36 महिन्यांनी बाद होतात, मध्ये तुम्ही प्रवास केलात तरी. ब्रिटिश एअरवेजचे माइल्स, ज्यांना एव्हिऑस म्हणतात, ते मात्र 36 महिन्यांत एकदा जरी मिळवले किंवा वापरले तरी टिकतात.