डोहात उतरण्यापूर्वी

मे संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत धबधब्यांचे पाणी शिरू लागते. यंदा आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत : माहीतगार माणसाबरोबर, लहान गटाने, एका दिवसात जाऊन येण्याची आणि धबधब्याच्या डोहात पोहण्याची सहल. म्हणून या अंकात दुसरे विषय घेतलेले नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी मैत्रिणींसह ताम्हिणी परिसरातील एका धबधब्याच्या सहलीला जाण्याचा तिचा बेत आहे. पहाटे साडेपाचला कोथरूडहून टेम्पो ट्रॅव्हलर, 14 जणांचा गट, दोन लीडर, वाटेत पोहे-चहा, दुपारी गावात पिठले-भाकरी आणि ‘धबधब्याखाली मनसोक्त पोहणे’ असे जाहिरातीत लिहिले आहे. ती लहानपणापासून टिळक तलावावर पोहते, त्यामुळे ‘आई, तू उगाच घाबरतेस’ हे तिचे पालुपद चालू आहे. मी नाही म्हणावे का? आणि हो म्हटले, तर आयोजकांना काय विचारावे?
— एक आई, कोथरूड

उत्तर : सहलीला आपण हो म्हणावे आणि जुलैतल्या पोहण्याला नाही म्हणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीला केवळ ‘नाही’ पुरणार नाही, म्हणून कारणे जरा विस्ताराने सांगतो.

पहिले कारण कायद्याचे आहे. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात हडपसर भागातील एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर खोल पाण्यात उतरण्यास आणि पोहण्यास मनाई करणारे आदेश काढले. असे आदेश पावसाळ्यात स्थळानुसार आणि तारखेनुसार निघत असतात. ताम्हिणीचा काही भाग पुणे जिल्ह्यात आणि काही रायगड जिल्ह्यात येत असल्याने, आपला धबधबा नेमका कोणत्या हद्दीत आहे आणि तेथे त्या रविवारी कोणता आदेश लागू आहे, हे आयोजकाला तोंडपाठ असले पाहिजे. जो आयोजक ऐन जुलैत ‘मनसोक्त पोहणे’ छापतो, त्याला ते ठाऊक नसते किंवा ठाऊक असून त्याची फिकीर नसते. दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट आहेत.

दुसरे कारण पाण्याच्या स्वभावाचे आहे. भुशीच्या त्या दुर्घटनेत ती माणसे खोल पाण्यात पोहत नव्हती. प्रवाहाच्या मधल्या कातळावर ती एकमेकांना धरून उभी होती आणि पाणी त्यांच्याभोवती वाढत गेले. ओढ्याचे पाणी आपण उभे असतो तेथल्या पावसाने वाढत नाही, वरच्या पठारावरच्या पावसाने वाढते, आणि ते पठार आपल्याला खालून दिसत नाही. आषाढात पठारावरची मातीचा पातळ थर आधीच भिजून तुडुंब झालेला असतो. त्याच्याखाली बेसाल्टचा कातळ असतो, त्यामुळे पडलेली सर मुरण्याऐवजी थेट कड्याकडे धावते. त्या पावसाचे प्रमाण पुणेकरांच्या डोळ्यांपुढे सहसा येत नाही. 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत ताम्हिणीला 556 मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. शिवाजीनगरला सबंध पावसाळ्यात साधारण जेवढा पाऊस होतो, जवळजवळ तेवढा पाऊस तेथे एका दिवसात झाला.

तिसरे कारण डोहाचे आहे आणि मुलीच्या पोहण्याशी त्याचाच थेट संबंध आहे. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. त्यांत टणक थराखाली अनेकदा भुसभुशीत किंवा लाल मातीसारखा थर असतो. कोसळणारे पाणी हा खालचा थर आतून कोरते. त्यामुळे कड्याच्या पायथ्याशी पोकळी तयार होते आणि धार पडते तेथेच डोह सर्वांत खोल होतो. वरून आदळलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येते आणि पृष्ठभागावरून काही अंशी धारेकडेच ओढले जाते, त्यामुळे धारेजवळ गेलेला माणूस हातपाय मारूनही जागच्या जागी फिरत राहतो. शिवाय तेथले पांढरे फेसाळ पाणी हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असल्याने हलके असते. तलावात आपल्याला सहज तोलून धरणारे पाणी येथे तेवढे तोलत नाही. टिळक तलावावर काठ असतो, तळ दिसतो, जीवरक्षक शिट्टी घेऊन उभा असतो, आणि दमल्यावर धरायला काहीतरी सापडते. गढूळ डोहात बुडालेली फांदी, खडकाची फट किंवा रांजणखळगा पाय अडकेपर्यंत कळत नाही. आपली मुलगी उत्तम पोहत असेल, याबद्दल मला शंका नाही. पण चांगला पोहणारा धारेच्या अधिक जवळ जातो, हाच धोका असतो.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे अनेक डोहांच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले असतात. त्या साती आसरा. त्या माणसाला पाण्यात ओढून नेतात, अशी समजूत आहे. समजूत कोणी मानो वा न मानो, गावाने एखाद्या डोहाकाठी आसरा मांडल्या असतील, तर त्या डोहाचा पूर्वानुभव गावाला आहे, एवढे मी तरी समजतो आणि तेथे पाण्यात उतरत नाही.

आता आयोजकांना काय विचारावे. 14 जणांचा गट लहान वाटतो, परंतु गट किती लहान आहे हे बसमधल्या खुर्च्यांवरून न मोजता पाण्याशी मोजावे : एका वेळी पाण्यात किती जण असतील, आणि त्यांच्याकडे पाहण्याखेरीज दुसरे काहीही न करणारा माणूस काठावर कोण असेल? दोनपैकी एक लीडर फोटो काढत असेल आणि दुसरा जेवणाचे पाहायला गावात गेला असेल, तर लीडर शून्य आहेत. फेकायचा दोर आहे का, आणि तो डोहाच्या काठी असतो की बॅगेत? लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळते का, आणि त्याला पायांमधून घ्यायचा पट्टा असतो का? तो नसेल, तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि माणूस खाली राहतो. अंगात घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले, तर ते मापाचे नाही. जॅकेट तरंगवते, कोसळत्या धारेखालून बाहेर काढत नाही, हेही मुलीला सांगावे. बुडालेल्याला तोंडाने श्वास देण्याचे आणि छाती दाबण्याचे प्रशिक्षण कोणाकडे आहे, हेही विचारावे. घाटात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसल्याने 112 हा क्रमांक नुसता माहीत असून भागत नाही. रेंज कोठे मिळते आणि तेथून पौडचे ग्रामीण रुग्णालय जवळ पडते की माणगावचे उपजिल्हा रुग्णालय, हे लीडरला विचार न करता सांगता आले पाहिजे. शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे, तेव्हा तो क्रमांक मागण्यात संकोच नसावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बरोबर त्याच गावचा वाटाड्या आहे का? पुण्याचा लीडर त्या डोहावर वर्षातून चार वेळा येत असेल, वाटाड्या मात्र तो रोज पाहतो.

हे प्रश्न आपण न विचारता मुलीला फोनवर विचारायला लावावेत आणि आपण शेजारी बसून ऐकावे. उत्तरे ऐकताना तिचाच निर्णय बदलण्याची शक्यता अधिक आहे.

पोहण्याची हौस भागवायची असेल, तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हा काळ चांगला. तेव्हा धार बारीक झालेली असते, पाणी निवळून तळ दिसू लागतो. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याजवळचे देवकुंड याच दिवसांत पाहावे. पावसाळ्यात तेथे जाण्यास मनाई केली जाते आणि ते योग्यच आहे. वेल्ह्याच्या पुढे केळदजवळचा मढे घाट मात्र भर पावसात, कड्यापासून लांब राहून, नुसता पाहण्यासाठी जावे असा आहे. तानाजी मालुसऱ्यांचे पार्थिव याच वाटेने उमरठला नेले, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. जुलैची सहल मुलीला तशा ठिकाणी करता येईल; पिठले-भाकरी तेथेही मिळते.

प्रश्न : आमचा मुलगा ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असतो. जुलैअखेर आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार असून त्याने तिथल्या उत्तरेकडच्या केर्न्स शहरातून एका दिवसाची, धबधब्यांवर पोहण्याची, लहान गटाची सहल आमच्यासाठी ठरवली आहे. सौ. नियमित पोहतात, मला पोहता येत नाही. वये अनुक्रमे 60 आणि 64. पावसाळ्यात धबधब्यावर जाऊ नये असे आपण नेहमी लिहिता, म्हणून विचारतो.
— एक निवृत्त प्राध्यापक, पाषाण

उत्तर : आपण निर्धास्त जावे, कारण तेथे तो पावसाळा नसेल. पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांवर आहे, केर्न्स दक्षिणेला सुमारे सतरा अंशांवर. दोन्ही उष्ण कटिबंधातच, पण ऋतू उलटे. तेथला जोराचा पाऊस डिसेंबर ते मार्चमध्ये होतो आणि जुलै-ऑगस्ट हा कोरडा हिवाळा असतो. मात्र डोंगराच्या पूर्व उतारावरची सदाहरित अरण्ये कोरड्या दिवसांतही भिजत असल्याने धबधबे आटत नाहीत. सह्याद्रीतले बहुतेक धबधबे फेब्रुवारीत कातळावरच्या काळ्या डागांसारखे उरतात, तसे यांचे होत नाही. ही अरण्ये 1988 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

आपल्या सहलीत बहुधा मिला मिला, जोसेफिन फॉल्स, बबिंडा आणि लेक ईचम यांपैकी काही ठिकाणे असतील. मिला मिला हा उंचावरून एकसंध पडद्यासारखा पडणारा देखणा धबधबा आहे, आणि त्याच्या पुढ्यातल्या डोहात लोक पोहतात. लेक ईचम हे ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेल्या विवरात साठलेले तळे असून तेथे प्रवाह नाही, त्यामुळे सौभाग्यवतींनी मनसोक्त पोहायचे ठिकाण तेच समजावे. जोसेफिन येथे गुळगुळीत खडकावरून घसरत डोहात पडण्याची मौज आहे. ती आपण दोघांनी काठावरून पाहावी, कारण घसरताना मणक्याला बसणारा धक्का साठीच्या वयाला परवडत नाही. हा धबधबा ज्या डोंगराच्या कुशीत आहे, तो क्वीन्सलँडमधला सर्वांत उंच डोंगर असून त्याचे नाव बार्टल फ्रिअर आहे. मुंबईचे गव्हर्नर असताना ज्यांच्या कारकिर्दीत गणेशखिंडीतल्या गव्हर्न्मेंट हाउसचे, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचे बांधकाम सुरू झाले, तेच हे सर बार्टल फ्रिअर. आपल्यासारख्या प्राध्यापकाला सात समुद्रांपलीकडे ते असे भेटतील.

बबिंडाला मात्र पाट्या वाचाव्यात. तेथल्या मोठमोठ्या शिळांमध्ये पोहण्यासाठी एक निर्धारित जागा आहे, आणि तिच्या खालच्या अंगाला ‘डेव्हिल्स पूल’ नावाचा डोह आहे, जेथे शिळांच्या फटींत ओढले जाऊन अनेकांचे प्राण गेले आहेत. तेथे पाण्यात उतरण्यास बंदी आहे. तेथल्या आदिवासींत त्या डोहात उडी घेतलेल्या ऊलाना नावाच्या तरुणीची कथा सांगतात; वर लिहिलेल्या साती आसरांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. केर्न्सच्या किनारपट्टीवरच्या संथ नद्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, त्यामुळे लीडरने सांगितलेल्या जागेखेरीज कोठेही पाय बुडवू नयेत. हिवाळ्यात डोंगरातले पाणी चांगलेच गार असते. अशा पाण्यात एकदम शिरल्यास श्वास लागतो आणि रक्तदाब झटकन वाढतो, म्हणून आधी हातपाय, मग मान भिजवून हळूहळू उतरावे. रक्तदाबाचे औषध चालू असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आपल्याला पोहता येत नसल्याचे आयोजकांना आधीच कळवावे. तेथे जाऊन सांगणे म्हणजे लीडरचे अर्धे लक्ष स्वतःकडे ओढून घेणे होय.

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरात आम्ही सहा जण एका संस्थेतर्फे रायगड जिल्ह्यातील एका कुंडावर गेलो होतो. माणशी 1,800 रुपये, शिवाय लाइफ जॅकेटचे भाडे 200 रुपये. स्वच्छ ऊन असताना लीडरने दुपारी एक वाजता पाण्यात उतरण्यास मनाई केली आणि दोन तास काठावर बसवून परत आणले. संस्था पैसे परत देण्यास तयार नाही. ग्राहक म्हणून आमचा हक्क नाही काय?
— एक नोकरदार, पिंपरी

उत्तर : आपल्या पत्रातच पुढे एक वाक्य आहे : ‘पाणी जरा मातकट झाले होते आणि वरून पालापाचोळा येत होता, एवढेच.’ ते ‘एवढेच’ नव्हते. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारी घाटमाथ्यावर ढग फुटतात आणि खाली ऊन असते. निवळ पाणी गढूळ होणे, काटक्या-पाने वाहून येणे आणि धारेचा आवाज जड होणे, ही लोंढा येण्याची खूण आहे. लीडरने ती ओळखली. 14-15 माणसांचा हिरमोड पत्करून नाही म्हणणे हे त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम होते आणि ते त्याने केले. पुढल्या वेळी त्याच लीडरबरोबर, सकाळी लवकर पाण्यात उतरता येईल अशा बेताने जावे.

पैशांचा प्रश्न वेगळा आहे. नोंदणीच्या वेळी ‘पोहणे परिस्थितीनुसार’ असे लिहिलेले असेल, तर सहलीच्या शुल्कावर आपला दावा टिकणार नाही. प्रवास, नाश्ता, जेवण आणि वाटाड्या आपल्याला मिळालाच आहे. तसे लिहिलेले नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पण मी स्वतः ती नोंदवली नसती. लाइफ जॅकेटची गोष्ट मात्र निराळी : ते वापरलेच नाही, आणि त्याचे भाडे स्वतंत्र घेतलेले आहे. ते माणशी 200 रुपये आपण जरूर मागावेत.