खानदेशात सशांना मिक्सोमॅटोसिसची लस कुठे मिळेल? भुसावळच्या माझ्या दोन सशांपैकी एकाचे डोळे सुजलेत, तोच रोग असेल का?

ताई, दोन्ही उत्तरं आधीच सांगून टाकतो. ही लस आपल्याकडे विक्रीलाच नाही. जळगाव-धुळे सोडा, पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानातूनही हात हलवत परत याल. आणि भुसावळातच जन्मलेल्या, कधी गावाबाहेर न गेलेल्या सशाचे डोळे सुजले, तर मिक्सोमॅटोसिसची शंका सगळ्यात शेवटी घ्यायची. तरी डॉक्टरांकडे लवकर न्या, कारण त्याच्या आधी ज्या शंका येतात त्यातल्या दोन-तीन काही साध्या नाहीत.

माझं पाचोऱ्याला गुराढोरांच्या औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. पण घरी ससे आहेत, आणि हल्ली काउंटरवर सशासाठी काहीतरी द्या म्हणणारे बरेच येतात, त्यामुळे या विषयात वाचावं लागलं.

तुमच्या नणंदबाई इंग्लंडात दर वर्षी त्यांच्या सशाला लस टोचून घेतात आणि तुमच्याही मागे लागल्यात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या जागी त्या अगदी बरोबर आहेत. मिक्सोमॅटोसिसचा विषाणू देवीच्या कुळातला. मूळचा अमेरिका खंडातला, तिथल्या रानसशांच्या अंगावर तो जेमतेम एखादी गाठ आणतो आणि ससा हिंडत राहतो. पण १८९६ साली उरुग्वेमधल्या मोंटेव्हिडिओला सानारेल्ली नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत युरोपातून आणलेले ससे या रोगाने पटापट मेले, तेव्हा तो पहिल्यांदा नोंदवला गेला. जगात पाळले जाणारे सगळे ससे, पांढरे असोत, करडे असोत की लोंबत्या कानांचे, त्या युरोपीय सशाचेच वंशज. तुमचे दोघेही त्यातलेच. म्हणजे विषाणू समोर आला तर आपल्या सशाकडेही त्याच्याशी लढायला उपजत काही नाही. आपण सुरक्षित आहोत ते सशाच्या ताकदीमुळे नाही, विषाणूच्या गावापासून लांब आहोत म्हणून.

पुढची गोष्ट माणसाने केलेली आहे. ऑस्ट्रेलियात सशांनी कुरणं फस्त केली म्हणून १९५० मध्ये सरकारनेच हा रोग रानात सोडला. ससे लाखोंनी मेले. लोक घाबरले, हा आपल्यालाही होणार का म्हणून. तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्लूनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला. तिघांनाही काही झालं नाही. तेव्हा घरातल्या लहान मुलांची काळजी करू नका, माणसाला हा रोग होत नाही. मग १९५२ मध्ये फ्रान्समध्ये आर्मां-देलिल नावाच्या एका डॉक्टरने आपल्या आवारातले ससे हटवायला दोन सशांना विषाणू टोचून सोडलं. आवाराला भिंत होती, पण भिंत डासाला काय अडवणार! रोग देशभर पसरला, आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, इंग्लंडच्या केंट परगण्यात पोहोचला. तेव्हापासून तो तिथून गेलेला नाही. रानात ससे आहेत, त्यांच्या अंगावर पिसवा आहेत, त्या पिसवांच्या तोंडात विषाणू आहे. नणंदबाईंच्या अंगणात रानससा येत नसला तरी डास येतो, मांजर पिसू घेऊन येतं. म्हणून तिथे घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या सशालाही लस देतात.

लस कशी असते तेही सांगतो, म्हणजे इथे काय नाही ते कळेल. ससा पाच आठवड्यांचा झाला की एक टोचणी, मग वर्षाला एकदा. संरक्षण तयार व्हायला तीनेक आठवडे लागतात. त्याच सुईत सशांच्या रक्तस्रावी रोगाचीही लस असते. आणि ती दिली म्हणजे ससा अमर झाला असं नाही. लस दिलेल्या सशालाही कधी कधी रोग गाठतो, पण थोड्या गाठींवर निभावतं आणि चांगल्या शुश्रूषेने तो वाचतो. लस नसलेला बहुधा दोन आठवड्यांत जातो. गंमत म्हणजे ज्या ऑस्ट्रेलियात रोग मुद्दाम सोडला, तिथे पाळीव सशांना ही लस द्यायला आजही परवानगी नाही. लसीतला जिवंत विषाणू रानसशांत पसरला तर तेच वाचतील, ही भीती. तिथले ससेवाले मग डासांच्या जाळ्या लावून बसतात. त्यांचं सगळं शहाणपण आपल्याला जसंच्या तसं उपयोगी आहे.

आता एक-दोन गोष्टी करू नका. पहिली, नणंदबाईंना लस पार्सलने किंवा बॅगेतून आणायला सांगू नका. एकतर परवान्याशिवाय जनावरांची लस देशात आणता येत नाही. दुसरं, ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उन्हाळ्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात ती बाटली तुमच्या दारी येईपर्यंत तिचं नुसतं पाणी झालेलं असेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण ती मला दुकानात प्रत्यक्ष विचारली गेलीय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच रावेर तालुक्यातल्या चिनावलपासून लम्पीची साथ राज्यभर गेली, आठवत असेल. तेव्हा गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस दिली. ते पाहून काही जण म्हणतात, लम्पी देवीच्या कुळातला, सशाचा रोगही त्याच कुळातला, मग सशाला पण तीच टोचा की भाऊ. नाही चालत. लम्पी आणि शेळ्यांची देवी हे सख्खे भाऊ, म्हणून तिथे एकाची लस दुसऱ्याला लागू पडली. सशांचा विषाणू त्या कुळाच्या पार वेगळ्या शाखेतला. शेळीची लस सशाला देऊन काही साधत नाही, उलट टोचलेल्या जागी गळू आणि सशाला धसका. असल्या मागणीला मी सरळ नाही म्हणतो.

तुमच्या सशाच्या डोळ्यांकडे येतो. एक डोळा की दोन्ही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरा फरक तिथेच आहे. एकाच डोळ्यातून सारखं पाणी गळत असेल, गालाचे केस ओले होऊन चिकटत असतील, तर बहुतेक वेळा कारण दातात सापडतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, वरच्या दाताचं मूळ वाढलं की डोळ्यातून नाकात जाणारी नळी दाबली जाते. नुसत्या गोळीखाद्यावर आणि पोळीवर वाढवलेल्या सशांत हे फार. अचानक एक डोळा मिटून घेतला असेल तर गवताचं कुसळ गेलंय का बघा. दोन्ही डोळे लाल, सोबत शिंका, आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस नाक पुसून पुसून चिपकलेले, ही सशाची सर्दी. नाव साधं, पण हा जिवाणूंचा आजार फुप्फुसात उतरला तर ससा हातचा जातो. पापण्यांवर, नाकावर, कानाच्या कडेला पांढरट खपल्या आणि खाज असेल तर खरूज. खानदेशात मी सगळ्यात जास्त हीच पाहतो. आणि पिंजऱ्याखालचा ट्रे दोन-दोन दिवस साफ होत नसेल तर लघवीच्या वाफेनेच डोळे चुरचुरतात. नाक ट्रेजवळ नेऊन बघा. तुम्हाला झोंबलं तर त्याला किती झोंबत असेल.

मिक्सोमॅटोसिसचं चित्र वेगळं दिसतं. दोन्ही पापण्या जाड होऊन डोळे बंद होतात, आधी पाणी आणि मग पू. कानांचं बूड सुजतं, कान जड होऊन लोंबतात, तोंड सुजून वेगळंच दिसायला लागतं. आणि खालची जागा, म्हणजे गुदद्वार आणि जननेंद्रिय, ती फुगते. डोळे आणि खालची जागा एकाच वेळी सुजणं ही मोठी खूण. (सशांच्या एका लैंगिक आजारातही नाकाडोळ्यांवर आणि खाली खपल्या येतात, तो मात्र औषधाने बरा होतो.) समजा हे सगळं चित्र एकत्र दिसलंच, तर सशाला मच्छरदाणीत वेगळा ठेवा, त्याला कुठे हलवू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मिक्सोमॅटोसिस जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला रोग आहे, त्याचा संशय घरात दाबून ठेवायचा नसतो. नमुने कसे घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील, राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे.

तोवर मनाने औषध घालू नका. घरात पडलेले डोळ्यांचे थेंब वापरायचा मोह होतो, पण त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल तर डोळा जातो. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन कुळातली औषधं सशाला तोंडावाटे कधीच नाही. पोटातले चांगले जंतू मरतात आणि मागून ससा मरतो. आणि पिसवांसाठी कुत्र्याचा फिप्रोनिलचा स्प्रे येतो ना, तो सशाला विष आहे. हे माझ्या दुकानात ठळक अक्षरात लिहून लावलंय, तरी लोक म्हणतात, थोडासा मारला तर काय होतं.

लस नाही, मग करायचं काय? डास आणि पिसू. मिक्सोमॅटोसिसचा विषाणू डासाच्या अंगात वाढत नाही, तो सोंडेला चिकटून एका सशावरून दुसऱ्यावर जातो. म्हणजे चावा अडवला की काम झालं. आपल्याकडे डास येतात कुठून? उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतून, आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही म्हणून भरून ठेवलेल्या पिंपातून. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी, पिंप रिकामं करून घासून कोरडं करायचं, पिंपाला फडकं बांधायचं. गॅलरीतल्या पिंजऱ्यावर संध्याकाळी बारीक जाळी टाका, कडा खाली दाबून. अगरबत्ती किंवा कॉइल मात्र पिंजऱ्याजवळ नको. ससा नाकानेच श्वास घेतो, त्याला तो धूर सोसत नाही. मला विचाराल तर लसीच्या मागे घालवायचे पैसे जाळीत घाला.

बाजारातून तिसरा ससा आणलात तर त्याला तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. त्याचं भांडं वेगळं, त्याचं काम या दोघांचं झाल्यावर. खरूज आणि सर्दी घरात येते ती याच वाटेने. चारा आणताना कपाशीच्या बांधावरचं गवत कापू नका, त्यावर फवारणी झालेली असते. आणि शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू कोणी मुलांना आणून दिलं तर घेऊ नका. आपला रानससा (इंग्रजीत 'हेअर') हा पाळीव सशापेक्षा वेगळाच प्राणी आहे, कायद्याने तो घरात ठेवता येत नाही, आणि त्याच्या अंगावरच्या गोचिड्या-पिसवा तुमच्या सशांवर येतात. स्पेनमध्ये २०१८ साली मिक्सोमॅटोसिसचा नवा प्रकार तिथल्या अशाच हेअर जातीच्या रानसशांतही शिरला, तोवर ते जवळपास सुटलेले होते. म्हणून रानससा आणि तुमचे ससे एकमेकांपासून लांबच राहू द्यावेत.

रोज एकदा हात फिरवून बघायची सवय लावा. डोळे, कानांच्या आत, नाक, शेपटीखाली, आणि ट्रेमधल्या लेंड्या. बारा तास ससा खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर उद्याची वाट बघू नका, मग डोळे कितीही चांगले असोत.

दवाखान्यात सकाळी उन्हाच्या आत न्या, टोपलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली ठेवून. दुपारच्या रिक्षात ससा उन्हानेच जाईल. आजवर काय औषध घातलं ते पाकिटासकट सोबत घ्या, ताज्या लेंड्या एका डबीत घ्या, आणि दुसऱ्या सशालाही त्याच टोपलीत न्या. त्यालाही तपासून घ्यायला हवं, आणि जोडी मोडून दिवसभर वेगळी राहिली की परत आल्यावर दोघं भांडतात.