मळ्यातल्या घरी चुलीला धुराडं आहे तरी पहाटे चूल पेटवताना सगळा धूर घरात येतो, मग कमी होतो, धुराडं पाडून नवीन बांधावं का?

लगेच गवंडी बोलवू नका, आधी धूर नेमका कधी येतो ते बघा. तुम्ही लिहिलंय की पहाटे पेटवताना जास्त येतो आणि मग कमी होतो, तर नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे हिवाळ्यात जो गारठा पडतो त्यात धुराडं रात्रभर गार झालेलं असतं, आतली गार हवा जड असते आणि ती नव्या धुराला वर चढूच देत नाही. रद्दीचा एक कागद पेटवून धुराड्याच्या चुलीकडच्या तोंडाशी धरा, हवा वर ओढायला लागली की मगच चूल पेटवा. भिंतीच्या बाहेरून नुसता पत्र्याचा पाइप नेला असेल तर हा त्रास फार होतो.

एवढं करूनही धूर आलाच तर उदबत्ती घ्या. चूल गार असताना, दारं-खिडक्या लावून आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून ती धुराड्याच्या तोंडाशी धरा. धूर खोलीकडे वळला तर फॅन बंद करून बघा, मग चुलीजवळची खिडकी चार बोटं उघडून बघा. तेवढ्याने धूर वर जायला लागला तर धुराड्यात काहीच दोष नाही, घराला हवा कमी पडतेय. हल्ली मळ्यातही स्लायडिंगच्या घट्ट खिडक्या असतात, फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायला धुराड्याशिवाय वाटच उरत नाही. कौलांच्या घरात फटींतून हवा येत राहायची म्हणून हे कळायचंच नाही.

फक्त वारा सुटल्यावर धूर उलटत असेल तर मात्र उंची बघा. धुराडं छपरातून निघतं तिथून निदान 3 फूट वर हवं आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्यापेक्षा 2 फूट उंच, म्हणजे शेजारी नंतर बसवलेली पाण्याची टाकीही त्यात धरायची, ती बरेच जण विसरतात.

आणि जळण काय वापरता? ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षाच्या काड्या डिसेंबरात जाळत असाल तर त्या अजून ओल्या असू शकतात, ओल्या जळणाने काजळी धरून पाइप बारीक होतो.

एक मात्र आजपासूनच पाळा, दार लावून निखाऱ्यांजवळ झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, धूर दिसला नाही तरी डोकं जड झालं किंवा मळमळलं की सगळ्यांना आधी बाहेर काढा.