दाखवायच्या दिवसाचे शिष्टाचार

नाशिक, १९३१

चिरंजीव मुलीस आत्याचे अनेक आशीर्वाद, विशेष.

मुंबईची मंडळी डेक्कन क्वीननं पुण्याला तुला बघायला येणार, असं दादाच्या पत्रावरून कळलं. गेल्या वर्षी शारदा कायदा लागू झाला, त्यात मुलीला चौदाची अट. तू एकविसाची, म्हणजे घोडनवरीच. त्यात कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची जी. ए., म्हणजे पदवीधर. ते दडवायचं काही कारण नाही. हल्ली मुलगी शिकलेलीच हवी असते, शिकल्याचा तिला काही उपयोग झालेला नसला म्हणजे झालं.

खाली बघत यायचं, पण ठेच लागू द्यायची नाही. पायात व्यंग नाही ना, हे बघायला चालवतात. मग नजर तपासायला सुईत दोरा ओवायला सांगतील. चष्मा अर्थातच कपाटात. आदल्या रात्री दोऱ्याच्या टोकाला मेण लावून ते ताठ कर आणि बोटांनी नेढं चाचपायचा सराव कर. मुलालाही चष्मा आहे म्हणे. पण त्याच्या चष्म्याला व्यासंग म्हणतात.

त्यानंतर केसरी. कुणीतरी काका अग्रलेख पुढे करतील. घडाघडा वाचलास तर मुलगी आगाऊ, सारखी अडखळलीस तर ही कसली जी. ए.! म्हणून दोनच ठिकाणी अडखळायचं, आणि जोडाक्षरं चांगली अवघड निवडायची. काका लगेच उच्चार सुधारून देतील. तो चुकीचा असेल. हसायचं नाही. तोच उच्चार परत करायचा, पदर सावरायचा आणि पुढचं वाक्य घ्यायचं. घरी जाऊन काका सांगतील, मुलीला समज आहे. एवढं बावळट दिसायला किती हुशारी लागते, हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत.

पेटीवर पद म्हण, पण देवाचंच. गाता येतं हे कळू दे, गायला आवडतं हे कळू नये.

मिठाच्या सत्याग्रहाचा विषय निघेलच. तुरुंगात गेलेल्या बायकांचं मंडळी तोंड भरून कौतुक करतील. तू नुसती मान डोलव. प्रभातफेरीला आपणही होतो, हे बोलून बसू नकोस. देशभक्ती दुसऱ्याच्या घरच्या सुनेलाच शोभते.

शेवटी, घर सुधारक असेल तर तुलाही विचारतील, ‘काही विचारायचंय का?’ ‘नाही’ म्हणायचं. त्यांचं सुधारकपण तिथवरच असतं, उगाच ताणू नये.

ती. वहिनीस नमस्कार.

तुझी आत्या

ता. क. पत्र आईला वाचून दाखव, हा मजकूर तेवढा वगळ. इथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा रिकामी आहे. अर्ज बुधवारपर्यंत पोचला पाहिजे, सोबत पदवीची नक्कल जोड. मुलाखतीला चष्मा लावूनच ये. राहायला आमच्याकडे, इकडून होकार झाला आहे.