१९४१ मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोसमोर फक्त थंडीमुळे हरलं का?

नाही, थंडी पडायच्या आधीच बार्बारोसा मोहिमेचं, म्हणजे सोव्हिएत संघावरच्या जर्मन हल्ल्याचं, गणित चुकलं होतं. २२ जून १९४१ ला सुमारे ३० लाख जर्मन सैनिक सोव्हिएत हद्दीत घुसले ते काही आठवड्यांत निकाल लागेल या हिशोबाने. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याची रोजनिशी वाचली तर ११ ऑगस्टलाच तो कबूल करतो की शत्रूच्या २०० डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) धरल्या होत्या, आतापर्यंत ३६० मोजून झाल्या. खरी अडचण रसदीची. रशियन रेल्वेचे रूळ जर्मन रुळांपेक्षा रुंद, त्यामुळे ते बदलत पुढे जावं लागे. आणि रणगाड्यांची एवढी चर्चा होते, पण या फौजेकडे सहा लाखांवर घोडे होते! ऑक्टोबरच्या चिखलात गाड्या आणि घोडे दोन्ही रुतले. नोव्हेंबरअखेर जर्मनांचे मृत, जखमी व बेपत्ता सात लाखांवर गेले होते. ५ डिसेंबरला रशियनांनी प्रतिहल्ला चढवला तेव्हा समोर थकलेली फौज होती.

थंडीचा वाटा अजिबात नव्हता असं मात्र नाही. हिमदंशाने हजारो सैनिक निकामी झाले, इंजिनं गोठली. पण गरम कपडे वेळेवर पोचले नाहीत, त्याचंही मूळ रसदीतच.