मंदीतली गाणी आणि पोस्टर्स

प्रश्न: १९३०च्या मंदीत अमेरिकेत लोकांना खायची भ्रांत होती, मग सरकारने गाण्याबजावण्यावर आणि पोस्टरवर पैसे का घातले?

उत्तर: कारण वादकांनाही पोट असतंच ना! बोलपट आल्यावर मूकपटांसोबत थिएटरात वाजवणाऱ्यांची कामं आधीच गेली होती, वरून मंदी, म्हणून १९३५ला सरकारने फेडरल म्युझिक प्रोजेक्ट सुरू केला, ऑर्केस्ट्रा संचालक निकोलाय सोकोलॉफ त्याचे प्रमुख, आणि हजारो वादकांना पगार मिळायला लागला. फुकट किंवा अगदी स्वस्त कॉन्सर्ट, गरीब पोरांना शिकवण्या, हे मला फार मोठं काम वाटतं.

पोस्टरची गोष्ट तर आणखी भारी, तिथेही सरकारने बेकार चित्रकारांना पगारी काम दिलं. आधी एकेक हाताने रंगवायचे, मग न्यूयॉर्कात अँथनी वेलोनिस या चित्रकाराने सिल्कस्क्रीन आणलं, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबायचा, प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, त्यामुळे मोजके सपाट रंग आणि ठसठशीत अक्षरं, तीच त्यांची ओळख झाली. कॉन्सर्ट, नाटक, प्राणीसंग्रहालय, क्षयाची तपासणी, सगळ्याची पोस्टर्स! सुमारे २० लाख छापली, त्यातली फार थोडी उरलीत, ९००हून जास्त लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे (अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय) आहेत आणि ऑनलाइन फुकट बघता येतात, नक्की बघा.