कोंबड्यांचे खाद्य आंबवताना पहिल्या दिवसाची काळजी

परसातील कोंबड्यांना आंबवलेले खाद्य द्यावे काय, ते किती दिवस भिजवावे आणि त्यावर पांढरा थर आल्यास काय करावे, असे प्रश्न कुक्कुटपालकांकडून आले आहेत. संध्याकाळी भिजवलेले खाद्य दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्यावर कोंबड्यांना पातळ हगवण लागल्याची तक्रारही त्यांत आहे, आणि उत्तराची सुरुवात तिच्यापासूनच करणे योग्य ठरेल.

खाद्य पाण्यात पडले की त्यावरचे बरेवाईट सगळेच जिवाणू एकाच वेळी वाढू लागतात. पहिल्या दिवशी पाणी अजून आंबट झालेले नसल्यामुळे ई-कोलायच्या (आतड्यात आढळणाऱ्या, काही वेळा हगवण लावणाऱ्या जिवाणूंच्या) गटातील जिवाणूंनाही मोकळे रान मिळते. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके पाणी अधिक आंबट) 4.5 च्या खाली आणला, की मगच ई-कोलायसारख्या जिवाणूंना तग धरणे अवघड होते. त्यामुळे एक रात्र भिजलेले खाद्य हे आंबवलेले खाद्य नव्हे. उष्ण हवेत ते कोरड्या खाद्यापेक्षा अधिक जोखमीचे असते. साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात दोन ते तीन दिवस आणि थंड हवेत चार दिवस थांबावे, बुडबुडे व ताकासारखा स्वच्छ आंबूस वास आल्याची खात्री करावी, आणि शक्य असल्यास सामू मोजण्याच्या कागदी पट्टीने तपासून घ्यावे. हगवणीला इतरही कारणे असू शकतात. विष्ठेत रक्त दिसल्यास किंवा कोंबडी मलूल होऊन बसल्यास पशुवैद्यकाला दाखवण्यात दिरंगाई करू नये.

भांडे काचेचे किंवा खाद्यपदार्थांसाठी असलेल्या प्लास्टिकचे घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली अजिबात वापरू नये, कारण आम्लात जस्त विरघळते आणि त्याची कोंबड्यांना विषबाधा होऊ शकते. खाद्य फुगत असल्याने भांडे निम्मेच भरावे. ढवळल्यानंतरही खाद्यावर दोन बोटे पाणी राहिले पाहिजे, कारण बुरशीला हवा लागते आणि ती पाण्याबाहेर उघड्या राहिलेल्या दाण्यांवर प्रथम धरते. वायू बाहेर पडावा म्हणून झाकण सैल ठेवावे आणि रोज एकदा तळापासून ढवळावे. चांगल्या आंबलेल्या खाद्यातील थोडे पाणी पुढच्या खेपेला विरजण म्हणून घातल्यास आम्लता लवकर येते आणि पहिल्या दिवसाचा धोका बराच कमी होतो.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात चुनखडी असते आणि ती तयार होणारे आम्ल शोषून घेते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. असे खाद्य आंबट व्हायला वेळ लागतो. घरी मिश्रण करणाऱ्यांनी धान्य, भरडा व पेंड आंबवावी आणि कॅल्शियमसाठी दिला जाणारा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कोरडाच ठेवावा.

पृष्ठभागावरचा पातळ, सपाट, पांढरा थर बहुधा यीस्टचा असतो; तो काढून टाकून खाद्य वापरता येते. केसाळ किंवा हिरवी, काळी, गुलाबी वाढ दिसल्यास, अथवा कुजका वास आल्यास, सगळे खाद्य टाकून द्यावे. वरचा भाग काढून खालचे वापरण्याचा मोह टाळावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुळात बुरशी लागलेले धान्य आंबवून सुधारेल, हा समजही चुकीचा आहे. अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष एकदा तयार झाले की ते आंबवण्याने भरवशाने नष्ट होत नाही.

फायद्यांविषयीही नेमके बोलले पाहिजे. आंबवताना धान्यातील स्फुरद (फॉस्फरस) बांधून ठेवणाऱ्या फायटिक आम्लाचे विघटन होऊन ते स्फुरद कोंबडीला अधिक मिळते, आणि ओलाव्यामुळे भुकटी तळाशी न उरता खाल्ली जाते. मात्र खाद्यात जी प्रथिने मुळातच नाहीत, ती यातून येत नाहीत. अंड्यावरील कोंबडीला सुमारे 16 ते 18 टक्के प्रथिने असलेला संतुलित आहार लागतोच. नुसता मका आंबवून अंडी वाढणार नाहीत.

प्रौढ कोंबडी दिवसाला कोरडे मोजून साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते, त्याच हिशेबाने भिजवावे. आठवडाभरात आंबवलेल्या खाद्याचे प्रमाण हळूहळू वाढवावे, एका वेळी एक-दोन तासांत संपेल इतकेच द्यावे आणि उरलेले काढून भांडे धुवावे. खाद्य ओले असले तरी पिण्याचे स्वच्छ पाणी कायम समोर हवे. पिलांचे औषधमिश्रित खाद्य आंबवू नये. ते कोरडेच द्यावे.